पहिली ‘पॉइंट टू-टू’ घेताना

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह ब्राँझपदक जिंकले आणि तोपर्यंत फारशा कुणाला ठाऊक नसलेला हा प्रकार मराठी घराघरांत पोहोचला. त्याआधी नेमबाजी म्हटले की अभिनव बिंद्राचे २००८ चे सुवर्णपदक आणि दहा मीटरवरची एअर रायफल एवढेच आपल्याला आठवत असे. कुसाळेच्या प्रकारातील रायफल मात्र छर्‍यांची नव्हे, काडतुसांची. साहजिकच ‘अशी रायफल कितीला मिळते, परवडणारी कोणती’ हे प्रश्न शहरांतील क्लबांमध्ये विचारले जाऊ लागले. विचारणार्‍यांत शाळकरी मुलांचे पालक असतात, तशीच चाळिशीनंतर छंद म्हणून या खेळाकडे वळू पाहणारी नोकरदार मंडळीही असतात.

या प्रश्नाचे सरळ उत्तर कुणी देत नाही, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. त्यामागे अनुभवी नेमबाजांचा आखडतेपणा नाही. आपल्याकडे रायफलची निवड दुकानात होत नाही. ती परवाना, क्लब आणि काडतुसांचा पुरवठा या तीन गोष्टींच्या चौकटीत होते, आणि रायफलची किंमत हा त्या हिशेबातला तुलनेने लहान आकडा असतो.

बोल्ट-अ‍ॅक्शन म्हणजे काय?

ज्यांनी कॉलेजात एन.सी.सी. केली आहे, त्यांनी ही रायफल हाताळलेली असते. तिची लांबी, वजन आणि मॅगझिनमधील काडतुसांची संख्या उस्तादांसमोर घडाघडा म्हणून दाखवल्याचे अनेकांना आजही आठवत असेल. उजव्या बाजूची मूठ वर उचलायची, मागे ओढायची, की रिकामे काडतूस बाहेर पडते. पुढे ढकलली की नवे काडतूस नळीच्या तोंडाशी बसते आणि मूठ खाली दाबली की बोल्ट जागच्या जागी घट्ट अडकतो. दर फैरीला ही क्रिया हातानेच करावी लागते. वेगाच्या दृष्टीने हे गैरसोयीचे, परंतु अचूकतेच्या दृष्टीने हितकारक आहे. गोळी सुटत असताना रायफलचा कोणताही भाग मागेपुढे सरकत नाही, काडतूस दरवेळी सारख्याच पद्धतीने बसते, आणि नेमबाजाला दोन फैरींच्या मध्ये श्वास सावरायला उसंत मिळते. ५० मीटरच्या स्पर्धेत तर रायफलमध्ये एका वेळी एकच काडतूस भरण्याची परवानगी असते. त्यामुळे मॅगझिन पाच काडतुसांचे की दहाचे, या चर्चेला लक्ष्यनेमबाजीत अर्थ उरत नाही.

‘.२२ लाँग रायफल’ हे काडतूस १८८७ पासून वापरात आहे. व्यास साधारण ५.६ मिलिमीटर आणि शिशाच्या गोळीचे वजन जेमतेम अडीच ग्रॅमच्या आसपास. आवाज कमी, धक्का जवळपास नाही. याच कारणाने नवशिक्यांना ती खेळण्यातली वाटते आणि तिथेच घोटाळा होतो. ही गोळी सव्वा किलोमीटरहून अधिक अंतर जाऊ शकते. त्यामुळे गावाकडच्या शेतात बांधावर डबा ठेवून सराव करण्याचा विचार कुणाच्या मनात असेल, तर तो आधीच काढून टाकावा. सराव फक्त मान्यताप्राप्त रेंजवर, ही कायद्याचीही अट आहे आणि साध्या शहाणपणाचीही.

अचूकता किती हवी?

महागडी रायफल घेतली की गुण वाढतील, हा समज दूर करण्यासाठी थोडे अंकगणित पाहू. ५० मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो आणि नऊ गुणांच्या वर्तुळाचा २६.४ मिलिमीटर. गोळीची कड वर्तुळाला स्पर्शली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे गोळीचा मध्य लक्ष्याच्या केंद्रापासून आठ मिलिमीटरच्या आत पडला की दहा गुण. सोळा मिलिमीटरच्या आत पडला की निदान नऊ. आता जी रायफल टेकूवर ठेवून झाडली असता दहा गोळ्या पंचवीस मिलिमीटरच्या घेरात टाकते, ती यंत्र म्हणून नऊच्या खाली गुण देणारच नाही. आणि पहिल्या वर्षातला नेमबाज? उभ्या स्थितीत त्याच्या गोळ्या सातच्या, सहाच्या वर्तुळापर्यंत विखुरलेल्या असतात. त्यात रायफलचा वाटा किती आणि हातांचा, श्वासाचा, घोडा दाबण्याचा वाटा किती, हे उघड आहे.

म्हणून पहिली रायफल घेताना पंचवीस मिलिमीटरचा ग्रुप देणारी चांगली जुनी रायफल पुरेशी मानावी, असे या प्रतिनिधीचे मत आहे. पुढे राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांचे दार ठोठावायचे झाले की सोळा मिलिमीटरच्या आत ग्रुप देणार्‍या रायफलची गरज भासू लागते. तेव्हा खर्च करण्यालाही कारण असते आणि काय हवे आहे तेही कळलेले असते.

बाजारात काय मिळते?

इंटरनेटवरची परदेशी परीक्षणे वाचून, व्हिडिओ पाहून अनेकजण यादी तयार करतात. अमेरिकेतील सॅव्हेज मार्क टू, चेक प्रजासत्ताकातील सीझेड ४५७, फिनलंडची टिक्का टी-वनएक्स या तिथल्या परवडणार्‍या आणि खरोखरच चांगल्या .२२ बोल्ट-अ‍ॅक्शन रायफली आहेत. अमेरिकेत राहणारा भाचा त्या सहज दुकानातून आणतो. परंतु आपल्याकडे शस्त्रांच्या आयातीवर कडक निर्बंध आहेत. परदेशी रायफल आणण्याची मुभा मुख्यतः राष्ट्रीय स्पर्धांत गुणांचा ठरावीक उंबरठा ओलांडलेल्या नेमबाजांना, संघटनांना आणि क्लबांना राष्ट्रीय रायफल संघटनेमार्फत मिळते. हौशी नवशिक्यासाठी ही यादी केवळ मनोरंजन आहे.

मग उरते काय? एक म्हणजे पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात बनलेली .२२ स्पोर्टिंग रायफल. आयुध निर्माणी मंडळाचे ऑक्टोबर २०२१ मध्ये सात कंपन्यांत विभाजन झाले, तेव्हापासून हा कारखाना कानपूरच्या अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे. ही रायफल साधी, दणकट आणि दुरुस्तीला सोपी. तिची दृष्टिव्यवस्था मात्र उघडी, म्हणजे मागे खाच आणि पुढे माशी अशी जुन्या पद्धतीची. घोडाही स्पर्धेच्या रायफलीइतका हलका नसतो. सरावाची गोडी लावायला ती चालते; तीन स्थितींच्या स्पर्धेसाठी ती बनलेलीच नाही.

दुसरा पर्याय जुन्या चेकोस्लोव्हाक ‘ब्रनो’ रायफलींचा. आयातीवरील निर्बंध कडक होण्यापूर्वी आलेल्या या रायफली अजूनही परवानाधारकांकडे आणि विक्रेत्यांकडे सापडतात. ‘मॉडेल टू’ ही त्यातली प्रसिद्ध .२२. अनेक जुने नेमबाज तिच्या नळीची तारीफ करताना थकत नाहीत, आणि त्या तारिफेत स्मरणरंजनाचा भाग वजा केला तरी बरेच काही उरते. मात्र ‘ब्रनो’ या नावाला मागणी असल्याने तिची किंमतही नावाची असते. तिच्यात खिळलेले पैसे नळीत वसूल होतात की नाही, हे पुढे सांगितलेल्या तपासणीवरून ठरवावे.

तिसरा पर्याय, आणि स्पर्धेचा विचार असेल तर सर्वांत शहाणपणाचा, म्हणजे एखाद्या नेमबाजाने वापरलेली जर्मन मॅच रायफल. जर्मनीतील उल्म शहरातील अ‍ॅन्शुट्झ या कंपनीच्या रायफली जगभरच्या रेंजवर दिसतात. तिच्या बोल्ट यंत्रणेच्या दोन जाती आहेत : ‘मॅच ६४’ आणि ‘मॅच ५४’. ५४ ही वरची, १९०७ आणि १९१३ या प्रसिद्ध मॉडेलांतली. ६४ तुलनेने स्वस्त, १९०३ या मॉडेलमध्ये वापरलेली. वरच्या मॉडेलसाठी आपल्याकडे काही लाख रुपये मोजावे लागतात, म्हणून लोक तिकडे पाहतच नाहीत. परंतु वरची पायरी चढलेला नेमबाज जेव्हा आपली १९०३ सोडतो, तेव्हा ती मिळवण्यासाठी क्लबातील ओळख कामी येते. जाहिरातीपर्यंत अशा रायफली फारशा पोहोचत नाहीत. आयात केलेल्या शस्त्राच्या हस्तांतरावर अटी असतात, त्यांची कागदोपत्री खातरजमा मात्र व्यवहारापूर्वी करावी.

एका गोष्टीपासून सावध राहायला हवे. शस्त्रविक्रेत्याकडे ‘बोल्ट-अ‍ॅक्शन, स्वस्त’ असे म्हटले की समोर बरेचदा .३१५ येते. ईशापूरचीच ही रायफल ली-एनफिल्डच्या धर्तीवरची असून स्वसंरक्षणासाठी आणि पिकांच्या राखणीसाठी देशात मोठ्या संख्येने वापरली जाते. तिचे काडतूस मोठ्या ताकदीचे, महाग आणि खांद्याला धक्का देणारे. शहरांतील ५० मीटरच्या रेंजवर ते झाडू दिले जात नाही. लक्ष्यनेमबाजीचा छंद म्हणून .३१५ घेणे म्हणजे बागेत फिरायला ट्रक घेण्यासारखे आहे. परवान्यावर ती एकदा चढली की नोंद बदलून घेण्यातच पुढे महिने जातात.

खरा खर्च काडतुसांचा

आता पैशांकडे वळू. समजा, एका काडतुसाला पंधरा रुपये पडतात. दर्जा, आयातीचा काळ आणि कोटा यांनुसार हा आकडा वरखाली होतो, पण हिशेबाला तो पुरे. आठवड्यातून एकदा साठ फैरींचा, म्हणजे तीन स्थितींत प्रत्येकी वीस असा सराव आणि वर्षाचे चाळीस आठवडे धरले तर २,४०० काडतुसे, म्हणजे ३६ हजार रुपये. दहा वर्षांत ३ लाख ६० हजार. याखेरीज क्लबचे वार्षिक शुल्क, रेंजचे भाडे, जाड कॅनव्हासचे जाकीट, हातमोजा, घोट्याखालची उशी. म्हणजे रायफलीवर वाचवलेले वीस-तीस हजार या प्रवाहात कधी वाहून गेले ते कळतही नाही. कुसाळेच्या यशानंतर त्याच्या सुरुवातीच्या काळात काडतुसांसाठी कुटुंबाला कर्ज काढावे लागल्याच्या बातम्या छापून आल्या होत्या, त्याचा अर्थ हा हिशेब मांडल्यावर नीट उमगतो.

शिवाय पैसे असले तरी काडतुसे हवी तेवढी घेता येत नाहीत. एका वेळी किती बाळगायची आणि वर्षभरात किती विकत घ्यायची, हे परवान्यावरच नमूद असते आणि प्रत्येक खरेदीची नोंद होते. नेमबाजी खेळाडूंसाठी २०२० मध्ये केंद्र सरकारने ही मर्यादा वाढवली. परंतु त्याचा लाभ स्पर्धात्मक खेळाडू म्हणून मान्यता असलेल्यांना. म्हणूनच बहुतेकांचा पहिल्या वर्षांतला सराव क्लबच्या कोट्यावर चालतो. ज्या क्लबात .२२ ची काडतुसे वर्षातले सहा महिने संपलेलीच असतात, तिथे उत्तम रायफल कपाटाची शोभा होते. सभासद होण्यापूर्वी हा एक प्रश्न आवर्जून विचारावा, आणि उत्तर कार्यालयात नव्हे, तर रेंजवर सराव करणार्‍यांकडून घ्यावे.

वापरलेली रायफल पारखताना

बोल्ट-अ‍ॅक्शनचा एक मोठा फायदा असा की बोल्ट काढला की नळी मागून आरपार दिसते. समोर पांढरा कागद धरून नळीत पाहावे. आतले आटे सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्पष्ट आणि सारख्या कडांचे दिसायला हवेत. मुंबई-कोकणच्या दमट हवेत दोन पावसाळे कातडी म्यानात झाकून ठेवलेल्या रायफलीच्या नळीत गंजाचे काळे ठिपके हमखास सापडतात. तेल लावून चकाकवलेल्या नळीत ते पहिल्या नजरेला दिसत नाहीत, म्हणून आधी कोरडे फडके सळईने आरपार फिरवून घ्यावे. सळई जाताना मध्येच एखाद्या जागी ढिली पडली, तर तिथे नळी फुगलेली असण्याचा संभव असतो. अशी रायफल कितीही स्वस्त असली तरी नमस्कार करून परत करावी.

नळीचे पुढचे तोंड हा सर्वांत नाजूक भाग. गोळी शेवटचा स्पर्श तिथे करते. तिथल्या कडेला चरा किंवा एका बाजूने झीज असेल तर गोळी दरवेळी तिरकी सुटते. अनेकजण साफसफाईची सळई पुढून घालतात, त्याने हीच कड घासली जाते.

त्यानंतर मागचे तोंड. .२२ च्या काडतुसात पेटणारा मसाला मध्यभागी नसून तळाच्या कडेत असतो. त्यामुळे रिकाम्या रायफलीचा घोडा वारंवार दाबला, तर अनेक रायफलींत फायरिंग पिन थेट चेंबरच्या पोलादी कडेवर आपटते आणि तिथे खळगा पडतो. मग काडतूस कधी नीट बसत नाही, कधी पेटत नाही. नखाने चाचपले तरी हा खळगा जाणवतो. घरी कोरडा सराव करणार्‍या उत्साही मालकाची रायफल यावरून ओळखू येते.

पण या सगळ्यापेक्षा मोलाची चाचणी म्हणजे रेंजवर प्रत्यक्ष झाडून पाहणे. विक्रेता तयार नसेल तर व्यवहार करू नये. टेकूवर रायफल ठेवून एकाच प्रकारच्या काडतुसांचे दहा-दहा गोळ्यांचे किमान तीन ग्रुप घ्यावेत, मग दुसर्‍या बनावटीच्या काडतुसांचे. प्रत्येक नळीला एखादे काडतूस मानवते आणि एखादे मानवत नाही. एकाच कंपनीच्या दोन खेपांतही फरक पडतो. एका काडतुसाने चाळीस मिलिमीटरचा विस्कळीत ग्रुप देणारी रायफल दुसर्‍याने वीसमध्ये येते, हे रेंजवर नेहमी दिसते. तेव्हा विक्रेत्याला ‘कोणती काडतुसे वापरत होता’ हे विचारून घ्यावे. पाच गोळ्यांचा एकच सुंदर ग्रुप काढून दाखवणार्‍यांची कमतरता नाही. त्या कागदाला भुलू नये.

अंगाला बसणारी

दुसर्‍याची रायफल आपल्या अंगाला बसेलच असे नाही. दस्ता कोपराच्या आत टेकवला असता बोटाचे पेर घोड्यावर सहज पोहोचले पाहिजे. डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी, गाल दस्त्यावर टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. मान ताणल्याशिवाय नजर मागच्या झरोक्यातून पुढच्या कड्यात गेली तर दस्ता जुळला. दस्त्याची लांबी आणि गालाची पट्टी कमीजास्त करता येणारी असेल तर वाढत्या वयाच्या मुलांसाठी ते फार सोयीचे. डावखुर्‍यांनी उजव्या हाताच्या बोल्टवर तडजोड करण्यापूर्वी महिनाभर क्लबच्या रायफलीवर तसा सराव करून पाहावा.

घोडा किती जोराने दाबावा लागतो यापेक्षा तो दरवेळी सारख्याच जोराने आणि अडखळल्याविना सुटतो का, हे महत्त्वाचे. स्पर्धेच्या रायफलीत तो दोन टप्प्यांचा असतो : पहिला ढिला, दुसर्‍या टप्प्यावर बोट थबकते आणि तिथून निमिषात सुटतो. दृष्टीसाठी झरोक्याची पीप साइट हवी. ऑलिम्पिक प्रकारांत दुर्बीण चालत नाही, म्हणून तिच्यावर खर्च करणे व्यर्थ. एखाद्या जुन्या रायफलीवर पीप साइट बसवण्याचा खाचपट्टा आहे का, हे पाहून घ्यावे. नसला तर नंतर बसवून घेणे खर्चिक ठरते.

आधी परवाना, की आधी एअर रायफल?

.२२ साठी शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ नुसार परवाना अनिवार्य आहे. शहरांत पोलीस आयुक्त आणि अन्यत्र जिल्हाधिकारी तो देतात. अर्जासोबत शस्त्र हाताळणीच्या सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, वैद्यकीय दाखला आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते. पोलीस चौकशी होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली आणि सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच शस्त्रे बाळगता येतात. सर्वसाधारण वयोमर्यादा २१ वर्षांची. लहान वयाच्या नेमबाजांसाठी वेगळी तरतूद आहे, तिची माहिती क्लबकडूनच घ्यावी. क्लबचे सभासदत्व आणि स्पर्धांतील सहभागाची कागदपत्रे असली, तर ‘छंदासाठी हवी’ या वाक्याला वजन येते.

त्यामुळे बहुतेक प्रशिक्षक पहिले वर्ष एअर रायफलवर घालवायला सांगतात, आणि या प्रतिनिधीला ते पटते. ४.५ मिलिमीटर व्यासाच्या आणि वीस ज्युलपेक्षा अधिक ऊर्जा नसलेल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. छर्‍याची किंमत काडतुसापुढे नगण्य असते. दहा मीटरची रेंज शहरात, एखाद्या शाळेच्या सभागृहातही उभी राहू शकते. खोल छिद्रे पाडणारी यंत्रे बनवणार्‍या ठाणे परिसरातील उद्योगातून पुढे आलेल्या प्रीसिहोलसारख्या कंपनीच्या एअर रायफली आता देशातच मिळतात. उभे राहणे, श्वास रोखणे, घोडा दाबणे हे सगळे इथे शिकून होते. वर्षभरानंतरही हौस टिकली तर .२२ कडे वळावे. मधल्या काळात वरळीच्या किंवा बालेवाडीच्या रेंजवर शनिवार-रविवारी फेरी मारली, तर कोण कोणती रायफल वापरतो आणि कोण विकायच्या विचारात आहे, हे दोन्ही कळते.

वापरलेली रायफल थेट दुसर्‍या परवानाधारकाकडून घेण्याचे ठरल्यास एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विकणार्‍याने जिल्हाधिकारी कार्यालयाला किंवा आयुक्तालयाला आणि जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवल्यानंतर पंचेचाळीस दिवस उलटल्याखेरीज रायफल हस्तांतरित करता येत नाही. तोवर ती त्याच्याच ताब्यात राहते, म्हणून पूर्ण रक्कम आधी देऊ नये. रायफल हाती आली की परवान्यावर तिचा क्रमांक चढवून घ्यावा, घरात बोल्ट वेगळा काढून दुसर्‍या कुलपात ठेवावा आणि काडतुसे तिसर्‍या जागी. निवडणुकीच्या काळात अनेक परवानाधारकांना शस्त्रे जमा करण्याची नोटीस येते. त्यातून राष्ट्रीय संघटनेशी संलग्न खेळाडूंना सूट मिळते, पण त्यासाठी सभासदत्वाचे ओळखपत्र नूतनीकरण केलेले असावे लागते. त्याची मुदत साधारणपणे नेमकी त्याच महिन्यात संपलेली असते, असा रेंजवरील जुन्या मंडळींचा अनुभव आहे.